कट्टी, अबोला आणि तीन दिवसांची मुदत

गेल्या वर्षीची गोष्ट. शुक्रवारची सकाळ, म्हणजे आपल्या मस्कतकरांची हक्काची लोळण्याची वेळ. आमची सात वर्षांची कन्या शेजारच्या मैत्रिणीकडून तणतणत घरी आली, चपला दारातच भिरकावल्या आणि रडत रडत सांगू लागली, "बाबा, मी तिला कट्टी म्हटलं, तर ती नुसतं काय, काय, असंच विचारते! मी पाच वेळा सांगितलं, तरी काय!"

शेजारचं कुटुंब तमिळ. संध्याकाळी त्या मुलीच्या आईशी बोलणं झालं तेव्हा खुलासा झाला आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो. तमिळ मुलं भांडली की एकमेकांना "काय" म्हणतात! तमिळमध्ये काय म्हणजे कच्चं फळ. आपलं आता पटत नाही, मैत्री कच्ची झाली. आणि पुन्हा जुळलं की म्हणायचं "पळम", म्हणजे पिकलेलं फळ. थोडक्यात, ती बिचारी काही विचारत नव्हती. तीही कट्टीच घेत होती!

दुसऱ्या दिवशी दोघी पुन्हा एकत्र सायकल चालवत होत्या. माझ्या डोक्यात मात्र किडा वळवळू लागला. मी पेशाने आयटी कन्सल्टंट, शिक्षणाने कॉम्प्युटर इंजिनिअर. भाषाशास्त्राशी माझा संबंध शाळेतल्या व्याकरणापुरताच. पण हा कट्टी शब्द आला कुठून? आणि न बोलण्यासाठी माणसाला एवढे शब्द का लागतात? वाचत गेलो, ऑफिसात आणि शेजारीपाजारी विचारत गेलो. त्यातून जे हाती लागलं ते मंडळाच्या वाचकांपुढे ठेवतोय. ते शोधण्यामागे माझं एक खासगी कारणही होतं. ते शेवटी सांगतो.

आधी आपली कट्टी. साताऱ्याला आमच्या वाड्यात कट्टी घेण्याचा रीतसर विधी होता. समोरच्याच्या करंगळीला करंगळी अडकवायची आणि झटका देऊन सोडवायची. काही जण अंगठ्याचं नख वरच्या दातांवरून खट्‌ करून पुढे फेकायचे. सोबत एक घोषणा असायची, तिच्यात मुदत थेट बारा महिन्यांची! प्रत्यक्षात चार वाजता विटीदांडूला गडी कमी पडला की बारा महिने तिथेच संपायचे. मग पहिली दोन बोटं जोडून पुढे करायची आणि बट्टी. कुणी 'गट्टी फू' म्हणायचे, म्हणजे जमलेली गट्टी फुंकरीसरशी उडवून लावली.

कट्टीच्या मुळाशी आहे तोडणं. संस्कृतात कापणे या अर्थाचा 'कृत्‌' धातू आहे, प्राकृतात त्याचं 'कट्ट' झालं, आणि त्यातूनच हिंदीतलं काटना आलं. हिंदी मुलं कट्टीला 'कुट्टी' म्हणतात, आणि हाच शब्द तिकडे गुरांसाठी बारीक तोडलेल्या चाऱ्यालाही आहे. आपल्याकडचे शेतकरी 'कडबाकुट्टी' म्हणतात ना, तेच. बट्टीला मात्र स्वतःचा असा अर्थ दिसत नाही. चहाबिहा, जेवणबिवण यांतल्या दुसऱ्या शब्दासारखी ती कट्टीला यमक जुळवायला आली असावी, असं मला वाटतं. पण काम मात्र तिने मोठं केलं.

कारण गंमत बघा. गुजराती मुलं 'किट्टा' करतात, तर जुळवून घ्यायला 'बुच्चा' आहे. बंगाली मुलांची 'आडी', तर तिच्या जोडीला 'भाव'. तमिळ 'काय', तर 'पळम'. प्रत्येक ठिकाणी शब्द जोडीने आला आहे! तोडण्याचा शब्द तयार करतानाच मुलांनी जोडण्याचा शब्द शेजारी ठेवून दिला. कुठल्याही भाषापंडिताने त्यांना हे शिकवलं नव्हतं.

आता मोठ्यांकडे येऊ. मोठ्यांच्या मराठीत गप्प बसण्याचे शब्द पोत्याने आहेत. मूग गिळून बसणे, मिठाची गुळणी धरणे, तोंडाला कुलूप लावणे, अळीमिळी गुपचिळी, ब्र न काढणे. 'चकार शब्द' काढत नाही म्हणतो, त्यातला चकार म्हणजे नुसतं 'च' हे अक्षर, तेवढंसुद्धा नाही! पण हे सगळे शब्द कुणाहीपुढे गप्प बसण्याचे. एका ठरावीक माणसाशी, रागावून, ठरवून न बोलणं यासाठी आपला खास शब्द एकच: अबोला. 'बोल'ला पुढे 'अ' लावला की झालं. याच घडणीचा शब्द म्हणजे अबोली. कोकण-गोव्यातल्या बायकांच्या वेणीतलं ते फूल, वास नाही म्हणून 'न बोलणारी'.

अबोला धरतात, सोडतात. पण अबोल्याला बट्टीसारखा जोडीचा शब्द नाही. कट्टी जाहीर करावी लागते. अबोला कुणी जाहीर करत नाही, तो हळूच पडतो. माझ्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर दोन मशीन एकमेकांशी बोलत असतात तेव्हा बोलणं संपवण्याचीही पद्धत असते. एक सांगतं 'माझं झालं', दुसरं सांगतं 'कळलं', आणि मग लाइन बंद होते. ही कट्टी. आणि मधली वायरच तुटली तर? दुसरं मशीन वाट बघत बसतं. हा अबोला. फरक एवढाच की मशीन कायम वाट बघत बसत नाही. त्याला टाइमआउट, म्हणजे वाट बघण्याची मुदत, आम्ही लिहून दिलेली असते. माणसाला ती दिलेली नाही.

आपल्या परंपरेत रुसव्याला जागा मोठी आहे. रामायणातली कैकेयी कोपभवनात जाऊन बसली आणि पुढे काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. पंढरपूरची कथाही मूळ रुसव्याचीच. रुक्मिणी रुसून दिंडीरवनात येऊन बसली, तिला शोधत देव आले आणि पुंडलिकाच्या विटेवर थांबले. आजही विठोबा आणि रखुमाई एका गाभाऱ्यात नाहीत, रखुमाईचं देऊळ वेगळं आहे. ज्या दैवताला अख्खा महाराष्ट्र पायी भेटायला जातो, तिथेही एका अबोल्याची खूण आहे! संस्कृत काव्यशास्त्राने तर रुसव्याला 'मान' असं नाव देऊन विरहाच्या प्रकारांत बसवलं. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पणा'त हे प्रकार चार आहेत: पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण. म्हणजे रुसून बसणं आणि परदेशी जाणं एकाच रांगेत! परदेशात राहणाऱ्या आपण मंडळींनी यावर थोडा विचार करायला हरकत नाही.

पण मला सगळ्यांत जवळची वाटली ती मुक्ताबाईची गोष्ट. तेरावं शतक. वडिलांनी संन्यास घेऊन पुन्हा संसार केला म्हणून कुटुंब वाळीत पडलेलं. लोकांच्या वागण्याने एकदा ज्ञानदेवांचं मन दुखावलं, त्यांनी झोपडीची ताटी लावून घेतली आणि आत बसून राहिले. ताटी म्हणजे साधं झापाचं दार. ते उघडायला बाहेर उभी राहिली चारही भावंडांत धाकटी मुक्ताबाई. तिने भावाची समजूत घातली ती 'ताटीचे अभंग' म्हणून आज सातशे वर्षं मराठी माणसाच्या ओठांवर आहे. मोठ्या भावाचा अबोला, आणि पहिलं बोलणं धाकटीचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

याच कुटुंबाच्या कथेत न बोलण्याची दुसरी, भयंकर बाजूही आहे: वाळीत टाकणे. वाळणे म्हणजे जुन्या मराठीत टाकून देणे. इथे कट्टी एकाची नसते, गावाची असते. पाणी नाही, विस्तव नाही, लग्नकार्याला बोलावणं नाही, वाटेत भेटलं तर शब्द नाही. आणि काही जातींच्या वाट्याला तर हे एका भांडणापुरतं नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पाक्षिक काढलं त्याचं नाव 'मूकनायक', आणि १९२७ मध्ये काढलं त्याचं नाव 'बहिष्कृत भारत'. मूक आणि बहिष्कृत. ज्यांच्याशी समाज बोललाच नाही, त्यांचं म्हणणं मांडायला निघालेल्या पत्रांना याहून नेमकी नावं सुचणं कठीण.

हेच हत्यार दुर्बळांनी सबळांवर उगारलं ते आयर्लंडमध्ये, १८८० साली. मेयो परगण्यात कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट नावाचा एका जमीनदाराचा कारभारी होता. खंड कमी करा, ही कुळांची मागणी नीट मान्य होईना, उलट बेदखलीच्या नोटिसा निघाल्या. तेव्हा गावाने त्याला मारलं नाही की घर जाळलं नाही. फक्त त्याच्याशी बोलणं आणि व्यवहार बंद केला. गडी कामावर येईनात, दुकानदार माल देईनात. काही आठवड्यांतच त्या माणसाचं आडनाव इंग्रजीत क्रियापद झालं! पंचवीस वर्षांनी, १९०५ च्या वंगभंगानंतर, तो शब्द आपल्याकडे पोचला आणि टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वदेशीच्या शेजारी 'बहिष्कार' म्हणून बसला. एकच हत्यार, दोन टोकांच्या कामांसाठी. गावकीच्या वाळीत टाकण्याला मात्र अलीकडेपर्यंत स्वतंत्र कायद्याने आडकाठी नव्हती. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा केला, तो ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. आता कुणाला वाळीत टाकलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

गावाच्या अबोल्याला कायदा झाला. घरातल्या अबोल्याला कोण कायदा करणार? त्याचं उत्तर मला इथे ओमानमध्येच मिळालं.

ऑफिसातल्या एका ओमानी सहकाऱ्याला मी चहा पिता पिता कट्टीची कथा सांगितली. तो एकदम म्हणाला, "अरे, हा तर आमचा शब्द! कतअ!" अरबीत क-त-अ या तीन अक्षरांच्या धातूचा अर्थ तोडणे. बहिष्काराला अरबीत मुकातआ म्हणतात, तोही यातलाच. मला वाटलं, सापडलं! कट्टी अरबस्तानातून गलबतातून आली! पण तसं नाही. आपली कट्टी संस्कृत-प्राकृताच्या घरची, अरबी कतअ वेगळ्याच घराण्यातला. नुसता योगायोग. इंग्रजी 'कट'ही तसाच, तिसऱ्या घरचा. मात्र उलट दिशेने एक गोष्ट खरी आहे. आपला 'राजी' शब्द अरबीतून आलेला आहे, 'सलोखा'ही तिकडूनच फारसीच्या वाटेने आला. म्हणजे तोडण्याचा शब्द आपला घरचा, आणि जोडण्याचे दोन चांगले शब्द अरबांकडचे!

मग त्याने मला आणखी एक शब्द सांगितला: कतीअत अर्‌-रहिम. रहिम म्हणजे गर्भाशय. एका कुशीच्या नात्यातल्या माणसांनी संबंध तोडणं, हे त्यांच्याकडे मोठं पाप. आणि पुढे म्हणाला, "रागावलास तर राग धर, पण तीन दिवस. आमच्या पैगंबरांनी सांगून ठेवलंय, भावाशी तीन दिवसांपेक्षा जास्त अबोला धरू नये. आणि दोघांत चांगला कोण? जो आधी सलाम करतो तो."

मी कप हातात धरून बसलो. तीन दिवस! म्हणजे कुणीतरी चौदाशे वर्षांपूर्वी टाइमआउट लिहून ठेवला होता.

या सहकाऱ्याचं कुटुंब मूळ झांझिबारचं, १९६४ च्या तिथल्या क्रांतीनंतर पुढे ओमानला आलेलं. त्याच्या आजीच्या पेटीत कांगा आहेत. कांगा म्हणजे पूर्व आफ्रिकेतल्या बायका नेसतात ते रंगीत सुती कापड. प्रत्येकावर स्वाहिलीत एक वाक्य छापलेलं असतं. शेजारणीशी किंवा सवतीशी बोलणं बंद असेल तर नेमक्या वाक्याचा कांगा नेसून तिच्या दारावरून जायचं. तोंडाने चकार शब्द नाही, पण निरोप पोचला! मी त्याला म्हटलं, आमच्याकडे कापड लागत नाही. लेकी बोले सुने लागे, एवढ्यावर भागतं.

आता ते खासगी कारण.

२०२१ च्या मे महिन्यात, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, माझे वडील साताऱ्याला गेले. ओमानने २४ एप्रिलपासून भारतातून येणाऱ्यांना प्रवेश बंद केला होता. तिकडे गेलो असतो तर परत कधी येता येईल याचा पत्ता नव्हता. नोकरी, इथे बायको आणि तीन वर्षांची मुलगी. मी गेलो नाही. हॉस्पिटलच्या खेपा, ऑक्सिजनची धावपळ, आणि शेवटचं सगळं दादाने एकट्याने केलं. दहाव्या दिवशी फोनवर तो एक वाक्य बोलला. मी त्याला त्याहून वाईट उत्तर दिलं. ती दोन्ही वाक्यं इथे लिहीत नाही.

त्यानंतर आमचं बोलणं नाही. भांडण नाही, वाटणीचा तंटा नाही, कोर्ट नाही. नुसता अबोला. आईच्या औषधांचे पैसे मी पाठवायचे, पावतीचा फोटो वहिनी माझ्या बायकोला पाठवणार. आईला फोन केला की मागे दादाचा खोकला ऐकू यायचा. आई मोठ्याने म्हणायची, "त्याला सांग, दिवाळीला रजा मिळते का बघ." कुणी कुणाला सांगायचं, हे आम्हा दोघांनाही कळायचं. आमच्या घरचा कांगा आईच होती. २०२२ ला बोलू म्हटलं, मग २०२३ ला. जितका उशीर, तितकं पहिलं वाक्य अवघड होत गेलं. तीन दिवसांचे तीन वर्षांहून जास्त झाले.

कन्येची कट्टी-बट्टी एका दिवसात मिटली आणि रात्री झोपताना तिने मला विचारलं, "बाबा, तुझी आणि काकाची कट्टी आहे ना? मग तुम्ही बोटं का नाही जोडत?" मी म्हटलं, "मोठ्यांचं तसं नसतं बाळा." हे वाक्य तोंडातून गेलं आणि माझं मलाच खोटं वाटलं. मोठ्यांचं तसं नसतं, कारण मोठ्यांनी बोटं गमावलेली असतात.

आपल्याकडे मुदत लिहिलेली नाही, पण निमित्त मात्र दिलेलं आहे. संक्रांत. तिळगूळ हातावर ठेवायचा आणि गोड बोला म्हणायचं. त्या दिवशी कुणीही कुणाच्याही दारात जाऊ शकतो, कारण विचारत नाहीत. अबोल्याला जोडीचा शब्द नाही, असं मी वर म्हटलं. त्या शब्दाच्या जागी आपल्या पूर्वजांनी एक सण ठेवला असेल का? मला तसं समजायला आवडतं. आणि थोरल्याने आधी बोलायचं की धाकट्याने, हा प्रश्न तर मुक्ताबाईने कधीच सोडवून ठेवला होता. आमच्यात धाकटा मी.

या वर्षी १४ जानेवारीला मी फोन लावला. इथले सकाळचे साडेसहा, तिकडचे आठ. आईच्या नाही, दादाच्या नंबरवर. पाठ केलेलं भाषण होतं. चार वेळा रिंग वाजली आणि त्याने उचलला.

"दादा, मी बोलतोय."

बराच वेळ काही नाही. मागे कुकरची शिट्टी झाली. मग तो म्हणाला, "हं. बोल."

भाषण गेलं उडत. मी तिळगूळ घ्या म्हणालो. त्याने विचारलं, "पोरगी कितवीत आहे?" मी सांगितलं. त्याने आईच्या गुडघ्याचं सांगितलं, परसातल्या आंब्याला यंदा मोहोर कमी आहे म्हणाला. चार मिनिटं. वडिलांचा विषय त्यानेही काढला नाही, मीही नाही. तो अजूनही निघालेला नाही. कधी तरी काढावा लागेल, आणि त्या दिवशी मला माझं ते उत्तर परत घ्यावं लागेल. त्यामुळे बट्टी झाली असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या शुक्रवारी सकाळी फोन वाजला तेव्हा स्क्रीनवर दादाचं नाव होतं.

कन्येला हे सांगितलं. ती म्हणाली, "बोटं जोडली?" मी म्हटलं, फोनवर कशी जोडणार? ती म्हणाली, "मग गेल्यावर जोडा." यंदा दिवाळीला जातोय.

मंडळी, आपण सगळेच घर सोडून इथे आलो आहोत. साहित्यदर्पणकारांच्या यादीतला 'प्रवास' आपल्या नशिबी आहेच, त्याच्यावर आणखी 'मान' कशाला? तुमच्याही फोनमध्ये असा एखादा नंबर असेल, तर संक्रांतीपर्यंत थांबू नका. दिवाळीही चालते. तिकडे घड्याळ दीड तास पुढे आहे, तेवढं बघून लावा.

सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा!